खालच्या वाटेवरची मावशी

हार्टफर्ड,
२० जून १९९३

तीर्थस्वरूप वर्नामावशीस,
कोरिनचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कान धरते. शाळेचं वर्ष संपता संपता तिसरीच्या पोरांनी आणि त्यांच्या आयांनी जीव नकोसा केला होता. आता सुट्टी लागली आहे आणि लग्नाच्या तयारीनं त्यांची जागा घेतली आहे. तारीख नक्की झाली, नऊ ऑक्टोबर. हॉल ठरला. केक लिंबाचा की व्हॅनिलाचा, यावरून डगची आई आणि बहीण आठवडाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. शेवटी डग म्हणाला की दोन्ही करा, पण मला झोपू द्या. त्याची आई, ल्युसिलबाई, फार हौशी आहेत. पत्रिका छापायला त्यांनीच टाकल्या. तुझी मी स्वतः पाठवीन, थोडी थांब.

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतेस, की मला पत्रात लिहिण्यापुरताच? या वर्षी टोमॅटो लावलेस का?

एक सांगायचं राहिलं. मंगळवारी आम्ही तुमच्या म्युझियममध्ये येऊन गेलो. ल्युसिलबाईंचे कोणी पूर्वज इंग्लंडहून सुरुवातीच्या जहाजांतून आले होते म्हणे. त्या काळची घरं बघायची म्हणून त्यांनी आम्हा सगळ्यांना गाडीत कोंबलं, आणि कुठे चाललोय ते फाटकाशी पोचल्यावर सांगितलं. मंगळवार म्हणजे तुझी सुट्टी, म्हणून तू नसशीलच असं मी धरून चालले. होडीपाशी तू दिसलीस, पण भोवती गर्दी होती आणि तू कामात होतीस. मध्येच हाक मारून तुझं काम कशाला बिघडवायचं, म्हणून आम्ही पुढे गेलो. मनात काही आणू नकोस.

तब्येतीला जप. माझ्यावरची माया आहे तशी राहू दे, एवढंच मागणं.

तुझी,
कोरिन


केप कॉड,
२७ जून १९९३

चि. कोरिनला,
वर्नामावशीचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. गुडघा कुरकुरतो, पण तुझ्याइतक्या सबबी सांगत नाही. टोमॅटो लावले आहेत. हरणं आणि मी वाटून खातो.

मंगळवारची सुट्टी मी सोडली होती. या वर्षी पाइनचं मोठं खोड मिळालंय. आत विस्तव घालून जळलेलं खरवडायचं, पुन्हा विस्तव घालायचा, असं दहा दिवस चालतं. तेवढे दिवस कोणाला तरी सतत राखण करावी लागते, नाही तर होडीच्या तळाला भोक पडतं. यात मी तुला नवीन काय सांगतेय म्हणा! कॉलेजात असताना तीन उन्हाळे तू माझ्याच शेजारी बसून खरवडत होतीस.

आणि तीन उन्हाळे इथे काढलेल्या मुलीनं मला लिहावं की काम बिघडेल म्हणून हाक मारली नाही! वरच्या गावातली माणसं जहाजांतून आलेल्या इंग्रजांचं सोंग घेतात. त्यांना पगारच त्याचा मिळतो. त्यांच्यासाठी साल सोळाशे सत्तावीस. मोटार म्हटलं की डोळे विस्फारायचे, आणि सख्खा भाऊ समोर आला तरी ओळख द्यायची नाही. पण आपली खालची वाट तशी नाही. अंगावर हरणाचं कातडं असलं तरी मी वर्नाच असते. कोणी माझ्या ट्रकबद्दल विचारलं तर ट्रकबद्दल सांगते. आपण वाम्पानोआग, इथले मूळचे लोक, सोंग घेत नाही, हेच तर आपलं तिथलं काम. मग तुझ्या हाकेनं काय बिघडणार होतं, बाळा?

तुझ्या होणाऱ्या सासूबाई बोलक्या आहेत. माझी वेणी खरी का, म्हणून त्यांनी हातात धरून पाहिली. मग विचारलं की तुमच्यातलं आता कोणी उरलंय का. मी म्हटलं, पुष्कळ आहेत. त्यांतली एक त्या वेळी एका उंच गोऱ्या पोराच्या मागे उभी राहून स्वतःचे बूट बघत होती, हे मी काही सांगितलं नाही.

असो. माझं मला. काळजी आहे ती वेंडेलची. पिंपं बांधणारा आपला वेंडेल, ज्यानं तुला हातोडा धरायला शिकवलं. त्या दिवशी वरच्या गावात तू त्याच्या दारावरून गेलीस. बावीस वर्षांत ज्यानं एकदाही सोंग सोडलं नव्हतं, त्या माणसानं हातातलं पिंपाचं कडं टाकलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, अगं, ही तर वर्नाची कोरिन! आईची, लॉरेटाची, हनुवटी दुसऱ्या कुणाची असणार? मावशी खाली होडीपाशी आहे, भेटलीस का? तू त्याला म्हणालीस की तुमची काही तरी चूक होतेय, मी हार्टफर्डची. हे सगळं मला शेजारच्या घरात पाव भाजणाऱ्या बाईनं सांगितलं.

आता तुझ्या सासूबाईंचं तक्रारीचं पत्र आलंय. एक नोकर माणूस प्यायलेला होता, आमच्या सुनेच्या अंगचटीला आला, तिला रेड इंडियन म्हणाला, असं. वेंडेलला घरी बसवलंय. सहा ऑगस्टला बैठक आहे, त्यात कायमचं ठरेल. तो अकरा वर्षांपूर्वीपर्यंत प्यायचा, हे वरिष्ठांना माहीत आहे. तेव्हापासून थेंब नाही, हेही माहीत आहे. पण माणसाला पहिलं लगेच आठवतं.

हे तुला कळावं म्हणून लिहिलं. जेवत जा. आशीर्वाद तर आहेतच, न मागता.

वर्नामावशी


हार्टफर्ड,
५ जुलै १९९३

ती. वर्नामावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा कान गरम झाले. सबब खोटी होती. तू ओळखणार हे लिहितानाच माहीत होतं, तरी लिहिली.

हे कसं झालं ते सांगते. पहिल्यांदा डगच्या घरी जेवायला गेले तेव्हा ल्युसिलबाईंनी आडनाव विचारलं. फर्टाडो म्हटल्यावर, म्हणजे पोर्तुगीज का, असं म्हणाल्या. मी हो म्हटलं. बाबा होतेच की. मग आईचं विचारलं. मी म्हटलं, ती पण तिकडचीच. तेवढ्यात कोणी बटाट्याचं भांडं पुढे केलं आणि विषय संपला. खोटं बोलायला इतका थोडा वेळ लागतो हे मला ठाऊक नव्हतं. नंतर दर आठवड्याला वाटायचं, या खेपेला सांगू. दर आठवड्याला ते आणखी अवघड व्हायचं.

तशी वाईट माणसं नाहीत ती. ल्युसिलबाई मी आजारी असताना रोज सूप घेऊन यायच्या. पण एकदा टीव्हीवर आपल्या लोकांच्या जमिनीच्या खटल्याचं काही लागलं होतं, तेव्हा डगचे काका म्हणाले की हे आता खरे इंडियन कुठले, फुकटचं मिळतंय म्हणून झालेत. सगळे हसले. मीही हसले, मावशी. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. शाळेत नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला पोरांना इंडियनांच्या म्हणून कागदी पिसांच्या टोप्या करायला लावतात. गेली चार वर्षं मी त्या कापून देते आहे.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. माझे केस तू विंचरायचीस, तापात उशाशी तू बसायचीस. आणि तुझी वेणी परक्या बाईनं दोरखंडासारखी हातात धरली, तेव्हा मी बूट बघत होते. तू बघितलंस हे मला तिथेच कळलं होतं.

वेंडेलकाकांचं वाचून फार वाईट वाटलं. पण मावशी, त्यांची बावीस वर्षांची नोकरी आहे, एका पत्रानं जाणार नाही ना? आता सगळं सांगितलं तर लग्नच मोडेल अशी भीती वाटते. ऑक्टोबरपर्यंत थांबू या का? लग्न झालं की मी डगला शांतपणे सांगेन. तोवर तू कोणाला काही बोलू नकोस, एवढं माझ्यासाठी कर.

हे लिहिताना लाज वाटते आहे, तरी लिहिते आहे. रागाव, पण तोडू नकोस.

कोरिन


१४ जुलै १९९३

चि. कोरिन हिस,
वेंडेलचा आशीर्वाद.

वर्नाकडे तुझा पत्ता मागितला. ती देईना, मग तिच्या शिंपल्यांच्या भज्यांची अर्धा तास स्तुती केली तेव्हा दिला.

मुली, तू जिवाला लावून घेतलंयस असं तिच्या तोंडावरून दिसलं, म्हणून लिहितो. चूक माझी आहे. गावात असताना मी सोळाशे सत्तावीसचा माणूस, आणि त्या माणसानं कोरिनला कुठून ओळखावं? तोंडातून निघून गेलं. तू दहा वर्षांनी दिसलीस, आनंद झाला. तुझा चेहरा पांढरा पडला तेव्हा कळलं की नको तिथे बोललो. म्हणून साहेबांनाही तेच सांगितलं की चेहरा ओळखण्यात माझी गल्लत झाली, म्हातारा झालो. तुझं नाव मी घेतलेलं नाही, घेणारही नाही. दारूचं म्हणशील तर त्यांनी मला विचारलंच नाही, परस्पर ठरवलं. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

घरी मजेत आहे. बायको म्हणते की दिवसभर ठोकाठोक बंद करा. पण घरातली बादलीसुद्धा प्लास्टिकची, माणसानं बांधायचं तरी काय? वाढदिवसाला नात विचारत होती की आजोबा, तुम्ही परत प्यायला लागलात का. शाळेत कोणी तरी बोललं असणार. तिला नाही म्हटलं. तिनं ऐकून घेतलं.

लग्नाला माझ्या हातची लोण्याची लाकडी बुधली धाडीन. नवऱ्याला सांग, दुकानातून घेतली.

वेंडेल


केप कॉड,
२२ जुलै १९९३

चि. कोरिनला,
अ. उ. आ.

तुला लगेच उत्तर दिलं नाही, कारण मला स्वतःबद्दल काही लिहायचं होतं आणि ते टाळत होते.

मागचं पत्र तुला लिहायच्या आधीच मला ऑफिसात बोलावलं होतं. खुर्ची दिली, कॉफी दिली. वेंडेल ज्या मुलीला तुमची भाची म्हणाला, ती तुमची भाची होती का, असं विचारलं. होडीपाशी तुझे घाबरून खाली वळलेले डोळे मी पाहिले होते. तेवढेच डोळ्यांसमोर आले आणि मी म्हटलं, नाही. माझ्या ओळखीची नाही.

म्हणजे वेंडेलला खोटं मी पाडलं. भाची नसेल तर तो त्या दिवशी काही तरी बरळत होता, असाच अर्थ निघतो. मागच्या पत्रात मी तुला टोमणे मारले, शहाणपणा शिकवला, आणि ही गोष्ट गिळून बसले. तू निदान गर्दीत होतीस, सासरचं माणूस शेजारी, भीती होती. मला कोणाची भीती होती? बंद खोलीत, कॉफीचा कप हातात घेऊन, शांतपणे म्हटलं. एकोणीस वर्षं मी लोकांना सांगते आहे की आम्ही इथे सोंग घेत नाही. आता कोणी विचारलं की विस्तवाकडे बघून बोलते.

परवा वेंडेल भजी खायला आला होता. त्याला माहीत आहे मी काय सांगितलं ते. तरी त्यानं दोनदा मागून घेतली. माझं ताट मी तसंच झाकून ठेवलं.

मी जाऊन माझं खोटं कबूल केलं की तुझं आपोआप उघडं पडतं. तुझ्या आईला शब्द दिला होता की पोरीला माझ्या हातून दुखापत होणार नाही. आजवर तो पाळला. पण ऑक्टोबरपर्यंत थांब, हे मला जमणार नाही. वेंडेलची नात त्याला काय विचारते ते त्यानं तुला लिहिलं असेल. मी पाच ऑगस्टला, बैठकीच्या आदल्या दिवशी, ऑफिसात जाणार. तोवर तुझ्या माणसांना तू तुझ्या तोंडानं सांग. दुसऱ्याकडून कळलं तर फार वाईट कळतं.

लग्न मोडलं तर तुझी खोली आहे तशी आहे. नाही मोडलं तर तो मुलगा मला एकदा नीट बघू दे.

तुझीच,
वर्नामावशी


हार्टफर्ड,
२९ ऑगस्ट १९९३

ती. वर्नामावशीस,
कोरिनचे सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी डगला सांगितलं, हे तुला तेव्हा दोन ओळींत कळवलं होतं. फोन करणार होते, पण तुझा आवाज ऐकला असता तर बोलताच आलं नसतं. आज सविस्तर लिहिते.

डगनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, तू माझ्या आईला घाबरलीस की मला? तो बाहेर जाऊन गाडीत बसून राहिला. तासाभरानं आत आला आणि म्हणाला, चल, आईला पण आत्ताच सांगू, नाही तर तुला पुन्हा वर्ष लागेल.

ल्युसिलबाई ओरडतील असं वाटलं होतं. त्या उठल्या आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला लागल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या की मी त्या माणसाला दारुडा म्हटलं. मग म्हणाल्या, त्या बाईंची वेणी मी हातात धरली होती, ती तुझी मावशी? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, आणि तू बाजूला उभी राहून मला धरू दिलीस. मावशी, त्यांना माझ्या आईच्या जातीचा राग नाही आला, त्याचा आला. त्यांना मी आपलं मानलं नाही, त्यांचं हसं होऊ दिलं, याचा. अजूनही त्या माझ्याशी तोलून मापून बोलतात. लग्न मोडलेलं नाही, पण घरात पूर्वीसारखी मी पाय पसरून बसत नाही.

तक्रार मागे घेतल्याचं पत्र त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, माझं मी वेगळं लिहिलं. वेंडेलकाका सोळा तारखेपासून कामावर रुजू झाले, हे तुला माहीतच आहे.

काल शनिवारी आम्ही तिघं त्यांची माफी मागायला आलो. वरच्या गावात त्यांच्या घरात वीस-पंचवीस माणसं उभी होती. ल्युसिलबाईंनी गर्दीतच पुढे होऊन सांगितलं की ते पत्र माझं होतं, मला क्षमा करा. काकांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, बाई, कसलं पत्र? वसंतानंतर गलबत आलेलं नाही, पत्र येणार कुठून? लोक हसले. बिचाऱ्या ल्युसिलबाई लाल झाल्या. मला पाववाल्या बाईनं कानात सांगितलं की पुन्हा एकदा सोंग सोडलं तर घरी जावं लागेल, असं त्यांना बजावलंय.

मग ते माझ्याकडे वळले. प्रत्येक पाहुण्याला विचारतात तसं मलाही विचारलं की बाईसाहेब, आपण कोणत्या जहाजातून आलात? डोळ्यांत ओळखीची खूणसुद्धा नव्हती. पण हातोडा वर उचललेला होता तो त्यांनी खाली आणला नाही.

मी म्हटलं, मी जहाजातून आले नाही. मी इथलीच. ती खाली नव्या होडीत विस्तव घालत बसली आहे ना, ती माझ्या आईची बहीण. तिनं मला वाढवलं. जून महिन्यात तुम्ही मला ओळखलंत, ते बरोबर ओळखलंत. खोटं मी बोलले.

काकांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली, पुन्हा घातली आणि कडं ठोकायला लागले. तीन-चार ठोके चुकले.

तिथून मी तुझ्याकडे यायला निघाले होते, देवाशपथ. वळणापर्यंत आले. झाडांतून धूर दिसला, तुझी पाठ दिसली. परक्या माणसांसमोर जे बोलले ते तुझ्या तोंडावर बोलायला पाय पुढे होईनात. डग म्हणाला, जा, आम्ही इथे थांबतो. मी गाडीकडे चालायला लागले. एवढं सगळं करून शेवटी पुन्हा तेच केलं.

पत्रिका सोबत आहे. ती लिफाफ्यात घालून पाठवायचं तोंड नाही, तरी पाठवते.

कोरिन


केप कॉड,
२ सप्टेंबर १९९३

चि. कोरिनला,
मावशीचे अ. उ. आ.

पत्रिका मिळाली. कागद जाड आहे, सासूबाईंनी हात आखडलेला दिसत नाही.

मीही ऑफिसात जाऊन आले. तुमची पत्रं तिथे आधीच पोचली होती, त्यामुळे माझ्या कबुलीची कोणाला गरज नव्हती. तरी बसून सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, झालं गेलं. त्यांना म्हणायला सोपं आहे. वेंडेलच्या घरी जाऊन त्याच्या बायकोसमोर आणि नातीसमोरही सांगितलं. ते जास्त जड गेलं. नात माझ्याकडे बघत राहिली आणि मग जाऊन आजोबांच्या मांडीवर बसली. आता मोठी झाली आहे ती मांडीवर बसायला, पण बसली.

शनिवारी तू येऊन गेल्याचं मला तुझ्या पत्रातून कळलं नाही. तेव्हाच कळलं. तू वळणावरून परत गेलीस, पण तुझं बोलणं ऐकलेली माणसं खाली आलीच. नेब्रास्काहून आलेली एक जाडी बाई होती, डोक्यावर उन्हाची टोपी. ती पार विस्तवापर्यंत आली आणि म्हणाली, वर ती मुलगी बोलली ती तुमची भाची ना? मला आधी काही समजेना. तिनं मला तू काय बोललीस ते सांगितलं, जसंच्या तसं, वेंडेलच्या टोपीसकट. मी म्हटलं, हो. माझी भाची. मग एक नवरा-बायको आले, त्यांनीही तेच विचारलं. त्यांनाही हो म्हटलं. बंद होईपर्यंत कितीकांनी विचारलं असेल कोण जाणे, पण दर वेळी हो म्हणताना मला ऑफिसातली ती खुर्ची आठवत होती, आणि दर वेळी ती थोडी लांब जात होती. फार नाही.

डोळे पुसत होते. लोकांना वाटलं, धूर.

लाज तुला वाटते तशी मलाही वाटते. ती लगेच जायची नाही, आणि जाऊ पण नये इतक्यात. तू परत गेलीस याचा मला राग आला नाही, असं लिहिणार होते, पण आला. रात्री जेवले नाही. सकाळी गेला.

नऊ ऑक्टोबरला मी येईन. पण पहिली भेट तिथे हॉलमध्ये, शंभर माणसांत, नको. त्याच्या आधी इथे ये. डगला आण, सासूबाईंना आण, हवी तर वेणी त्यांना पुन्हा दाखवते. त्या नेब्रास्काच्या बाईनं जाताना विचारलं होतं की भाची वरपर्यंत आली, मग तुम्हाला भेटायला खाली का नाही आली? मी तिला म्हटलं, लाजली आहे. पण येईल.

येईल असं मी सांगून बसले आहे, कोरिन. मला पुन्हा खोटं पाडू नकोस.

तुझी,
वर्नामावशी